थंडी, पांढरा धूर आणि तिसरा सिलेंडर
निफाडची थंडी आणि आमची जुनी डिझेल व्हॅन, रोज सकाळी तेच, सेल्फ मारला की उचलते पण नुसती थडथडत, आख्खी बॉडी हलते आणि मागून डोळे चुरचुरणारा पांढरा धूर, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर. जरा गरम झाली की एकदम गुळगुळीत. शेजारचे काका म्हणे पंप (इंजिनला दाबाने डिझेल देणारा) उतरवा. अहो पंप गेला असता तर गरम झाल्यावर बरी चालली असती का!

म्हणून आज मिस्त्रीला पहाटेच बोलावलं, गरम इंजिनवर काय सापडणार. त्याने चालू गाडीत सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाईपचा नट जरासा ढिला केला, चालू सिलेंडरचा ढिला केला की इंजिनचा आवाज बदलतो, तिसऱ्याला फरकच नाही, म्हणजे तोच सिलेंडर झोपलेला. (हे जुन्या पंपवाल्या गाडीतच हां, कॉमन रेल म्हणजे नव्या डिझेल गाड्यांच्या सिस्टिमला प्रेशर हजार बारच्या वर जातं, हात पण लावू नका.) मग थंड इंजिनात सिलेंडर आतून तापवणाऱ्या हीटर प्लगला मीटर लावला, बाकीचे एक ओहमच्या आसपास, तिसरा ओपन, म्हणजे आतून तुटलेला, करंटच जात नाही. काढताना मात्र सगळ्यांचा श्वास अडकलेला, कार्बनने धरलेला प्लग तुटला तर इंजिनचं हेडच (सिलेंडरवरचं झाकण) उतरवायला लागतं. सुटला एकदाचा. काका अजून पंपच म्हणतायत.