तिसऱ्या ओळीतली चिठ्ठी

प्रयोगशाळेत शिरल्यावर डाव्या हाताचं कपाट, त्यातला सगळ्यात खालचा कप्पा. तिथे काचेच्या झाकणाची एक सपाट लाकडी पेटी असायची. आत थर्माकोल, त्यावर ओळीनं टोचलेले भुंगेरे आणि कोपऱ्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी. १९८१-८२ साली आठवीतल्या आम्ही पाचजणांनी ती भरली. पाचात मुलगी मी एकटी. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा निरोप आला तेव्हा ती पेटीच आधी डोळ्यांपुढे आली, आणि खरं सांगायचं तर पोटात गोळाही आला. का, ते शेवटी सांगते.

किडे धरायचं वेड शाळेनं लावलं असं मात्र म्हणणार नाही. ते गावात सगळ्यांनाच होतं. पाऊस लागला की बांधावरच्या बाभळींवर सोनपाखरं यायची. हिरवीगार, चकचकीत. धरायची, काडेपेटीत घालायची, वर बाभळीचा पाला कोंबायचा आणि पेटी दप्तरात. सकाळी उघडली की पाल्यात गव्हाएवढी अंडी. ज्याच्या सोनपाखरानं जास्त अंडी घातली त्याचा त्या दिवशी वर्गात भाव. पोरं तर त्याला दोरा बांधून डोक्याभोवती भिरभिरवायची.

जूनच्या अखेरीस एकदा शास्त्राच्या तासाला माझ्या दप्तरातून करकर ऐकू आली. मला वाटलं, आता हातावर पट्टी बसणार. सरांनी काडेपेटी उघडली, खिडकीशी नेऊन नीट पाहिली आणि विचारलं, "कुठं सापडलं? कोणत्या झाडावर? किती तारखेला?" बाभळ सोडून मला काही सांगता येईना. "मग तुझ्याकडं किडा आहे गं, माहिती काहीच नाही," म्हणाले आणि पेटी परत दिली.

पुढच्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर आमचा उद्योग सुरू झाला. सरांचा नियम एकच. प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी हवी: गाव, जागा, झाड, तारीख, धरणाऱ्याचं नाव. पोस्टकार्डाच्या कडा कापून बारीक निबानं ती लिहायची. चिठ्ठी नसलेला नमुना, कितीही देखणा असो, सर सरळ केराच्या डब्यात टाकत.

माझा पहिला नमुना चिठ्ठी असूनही बाद झाला. मी मोठ्या हौसेनं मृगाचा किडा नेला होता, लाल मखमलीचा. सरांनी भिंग हातात दिलं आणि पाय मोजायला सांगितले. आठ भरले. कीटकाला सहा असतात. म्हणजे जन्मापासून ज्याला किडा म्हणत आलो तो कीटक नव्हेच, कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यातला. घरी येऊन आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मृगानं धाडलाय त्याला. त्याचे पाय कशाला मोजत बसायचं?"

टोचण्याचं काम माझ्याकडे आलं. मुलगी म्हणून दिलं असणार, पण माझा हात बरा निघाला. भुंगेऱ्याच्या पाठीवर पंखांची दोन कडक झाकणं असतात आणि मधोमध शिवणीसारखी रेघ. टाचणी त्या रेघेत घालायची नाही. उजव्या झाकणात, वरच्या अंगाला, अशी घालायची की खाली मधल्या आणि मागच्या पायाच्या मधून निघावी. उजवी बाजू थोडी बिघडली तरी डावी जशीच्या तशी राहते, आणि ओळख पटवायला तेवढी पुरते. वाळून कडक झालेल्या किड्याला असं टोचलं तर तडा जातो, म्हणून आदल्या रात्री ओल्या फडक्याच्या बरणीत ठेवून तो मऊ करायचा. मग चिमट्यानं एकेक पाय सोडवायचा, दोन्ही बाजूंनी टाचण्यांचा टेकू द्यायचा आणि आठवडाभर हात लावायचा नाही. मुंगीएवढ्या भुंगेऱ्यांना टाचणी चालतच नाही. त्यांच्यासाठी पोस्टकार्डाचा टोकदार त्रिकोण कापायचा, टोकाला डिंकाचा ठिपका लावायचा आणि त्यावर किडा अलगद टेकवायचा. श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागे. एकदा शिंक आली आणि तीन नमुने गेले.

ओळखणं म्हणजे काय हे मला हुमणीनं शिकवलं. मे महिन्यात वळीव झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंबावर आणि बाभळीवर जमतात, रात्रभर पाला खातात आणि उजाडायच्या आत परत मातीत जातात. आमच्या उसाच्या भागात हे पोराटोरांनाही ठाऊक. मुळं खाणारी पांढरी अळी ती यांचीच पिल्लावळ. बाया-माणसं फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायची आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायची. त्यातलेच दोन-चार मी मागून घेतले. भिंगाखाली धरले तर मिशीच्या टोकाला पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे. उघडत होते, मिटत होते. मग पेटीतला शेणाचे गोळे ढकलणारा शेणकिडा काढून बघितला, त्यालाही तसेच. नारळाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्यालाही तसेच. एक मुळं खातो, एक शेण, एक नारळ, रंगरूप तिघांचं तीन तऱ्हेचं, पण मिशी एका घराण्याची. त्या दिवशी घरी जाताना मी एकटीच हसत होते. आज जगात नोंद झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती ४ लाखांच्या घरात आहेत. त्यातल्या तिघांचं नातं आपल्याला कुणी न सांगता कळलं, याचं ते हसू होतं.

(हिंगे नावाचा भुंगेराही कधी विसरले नाही. बाजरीच्या कणसावरचा एक माझ्या कोपराखाली चिरडला आणि दुसऱ्या दिवशी टपोरा फोड आला. त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते. ओळख पक्की करायची ही रीत कुणाला सुचवणार नाही.)

मग कालव्यावरची गोष्ट. कालव्याच्या काठानं बेशरम माजलेली असायची. तिच्या पानांवर मला एकदा नखाएवढी कासवं सापडली. अंगाभोवती काचेसारखी पारदर्शक कड आणि मधली पाठ अस्सल सोन्याची. सोनपाखराचं सोनं नावापुरतं, हे खरोखरचं. सहा धरले, बरणीत घातले, रात्रभर झोप नाही. सकाळी टोचायला काढले तर सगळे मळकट तपकिरी. मी सरांपुढे रडायचीच राहिले होते. मला वाटलं, बरणीतल्या औषधानं रंग खाल्ला. सर म्हणाले, "चिठ्ठीत लिही: जिवंतपणी सोनेरी." तेवढंच.

कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. या भुंगेऱ्याच्या पारदर्शक कवचातल्या पापुद्र्यांत ओल असते तोवर ते सोन्यासारखे चमकतात. जीव गेला, ओल सुकली की चमक संपली. सोनपाखराची चमकही पापुद्र्यांचीच, पण ती ओलीवर अवलंबून नाही, म्हणून मेल्यावरही वर्षानुवर्षं टिकते. पेटीत हे दोघं शेजारी लावले होते. बघणारा सोनपाखरापाशीच थांबायचा. कासवाचं खरं रूप फक्त त्या दोन शब्दांच्या चिठ्ठीत होतं.

आता पोटातल्या गोळ्याचं कारण. डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि आमच्या पेटीत लांब मिशांचा एकही भुंगेरा नव्हता. दिवाळीत माझ्या मामेभावानं रत्नागिरीकडून औषधाच्या खोक्यात घालून एक आणला होता. बोटाएवढा लांब, राखाडी, मानेवर दोन नारिंगी ठिपके, मिशा अंगाहून लांब. पावसाळ्यात कधीतरी त्यांच्या कंदिलावर आपटून पडला होता म्हणे. आंब्याचं खोड पोखरणारी, कोकणात जिला भिरूड म्हणतात, ती याचीच अळी. तारीख नाही, जागा नाही. नियमानं तो केराच्या डब्यातच गेला असता. मी चिठ्ठी लिहिली: शाळेमागचा आंबा, १२ जुलै १९८१. खाली माझं नाव.

सरांनी ती वाचली आणि केवढे खूश झाले! दुसऱ्या दिवशी बघते तर सायकलची तार हातात घेऊन आंब्याच्या बुंध्याशी वाकलेले. भिरूड लागली की सालीला भोकं पडतात, बुंध्याशी भुसा सांडतो. भोकात तार घालून अळी काढायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा, वरून चिखल लिंपायचा. शिपाईमामांनाही कामाला लावलं. भोक एकही सापडलं नाही. "पुढच्या पावसात बघू," म्हणाले. पुढच्या जुलैत पुन्हा तार. दहावीच्या जुलैतही. मी वर्गाच्या खिडकीतून बघत असायचे. सांगावंसं रोज वाटे आणि रोज जीभ टाळ्याला चिकटे. १९८४ साली शाळा सोडली, बँकेत नोकरी लागली, सांगायचं राहूनच गेलं. सर आज नाहीत.

किड्यांचा नाद सुटला नाही. आता मी टोचत नाही, फोटो काढते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत काही भुंगेरे आणि बरीच फुलपाखरं आहेत, ती धरणं गुन्हा आहे, हे आत्ताच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं. फोटोखाली जागा, झाड, तारीख लिहिल्याशिवाय मात्र झोप येत नाही. परवा सहज त्या चिठ्ठीतली तारीख जुन्या कॅलेंडरात पाहिली. १२ जुलै १९८१ हा रविवार होता. शाळेला सुट्टी. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे आणि रविवारी घरातून बाहेर पडायची मला परवानगी नसायची. आमच्या घरची शिस्त सरांना चांगली माहीत होती, आणि तारखांच्या बाबतीत तर ते कुणाला ऐकायचे नाहीत. ही तारीख त्यांच्या नजरेतून सुटली असेल, असं आता मला वाटत नाही. तरीही दर जुलैत ते तार घेऊन, नेमके माझ्या खिडकीसमोर, आंब्याशी जात राहिले.

प्रयोगशाळा आज ज्यांच्याकडे असेल त्यांना विनंती आहे. पेटी अजून असेल आणि आतले किडे दुसऱ्या किड्यांनी खाल्ले नसतील, तर तिसऱ्या ओळीतला डावीकडून पहिला, लांब मिशांचा, त्याच्याखालची चिठ्ठी काढावी. नवी अशी लिहावी: रत्नागिरी जिल्हा, कंदिलावर, १९८१ चा पावसाळा, तारीख माहीत नाही. धरणाऱ्याच्या जागी माझं नाव नको, 'मामेभाऊ' लिहावं. शाळेमागच्या आंब्याला भिरूड नव्हती.