नवीन पिस्तूल आणलं की आधी उघडायचं

ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं, जेन ५ म्हणजे पाचव्या पिढीतलं, ९ एमएम. तेव्हापासून इथल्या, टेक्सासमधल्या मित्रमैत्रिणींचा एकच प्रश्न, शूटिंग रेंजवर कधी नेतेस? आणि मी सगळ्यांना एकच सांगतेय की आधी घरी उघडणार, पुसणार, तेल देणार, परत जोडणार, मग रेंज. नवीन कोरं असलं तरी. खरं तर नवीन आहे म्हणूनच, कारण या वस्तूची आणि माझी अजून ओळखच झालेली नाही.

हे डोक्यात बसलंय ते एनसीसीमुळे. सांगलीला कॉलेजात असताना आमच्या हातात पॉइंट टू टू रायफल यायची. फायरिंगचा दिवस वर्षातून अगदी क्वचित, पण 'खोलना-जोडना' मात्र सारखं चालू असायचं. उस्ताद चादरीवर रायफल ठेवायचे, बोल्ट काढ, बोल्ट घाल, पुलथ्रूला (सफाईच्या दोरीला) चिंदी लाव, बॅरलमधून (नळीतून) ओढ, उजेडाकडे धरून आत बघ. तेव्हा कंटाळा यायचा हो, गोळी चालवायला कधी मिळणार असं व्हायचं. पण हत्यार हातात घेतलं की सगळ्यात आधी ते खाली, म्हणजे रिकामं, आहे का बघायचं, ही सवय हातांना तिथेच लागली आणि इतक्या वर्षांनी टेक्सासमध्ये पिस्तूल घेतल्यावर हात आपोआप तेच करायला लागले.

खरेदीबद्दल थोडक्यात, कारण खूप जण विचारतात. ग्रीन कार्ड असेल तर घेता येतं. एच-१बी व्हिसावर साधारणपणे नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे काही अपवाद सोडले तर. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, आणि हँडगन विकताना डीलरने सोबत लॉक द्यायचं हा फेडरल कायदाच आहे. ते केबल लॉक फेकून देऊ नका, घरात मुलं असोत नसोत.

आता मुख्य मुद्दा. ग्लॉक उघडायचं असेल तर ट्रिगर दाबावाच लागतो. हे वाक्य परत वाचा प्लीज. काही पिस्तुलांमध्ये तशी गरज नसते, स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पीमध्ये आत एक छोटा लीव्हर आहे तो खाली केला की ट्रिगरला हात न लावता उघडता येतं, सिगचं पी३२० पण ट्रिगर न दाबता सुटतं. पण ग्लॉकमध्ये स्ट्रायकर (गोळीच्या बुडावर आपटणारी पिन) मोकळा केल्याशिवाय स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पुढून निघत नाही, आणि तो मोकळा करायचा म्हणजे ट्रिगर दाबायचा. आत गोळी राहिली असेल तर ती सुटणारच, पिस्तुलाला काय माहीत तुम्ही साफसफाई करताय. साफ करताना गोळी सुटली अशा ज्या बातम्या येतात त्यातल्या कितीतरी नेमक्या या एका पायरीवरच्या असतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची. उलटं केलं तर काय होतं बघा, स्लाइड मागे ओढली की चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतली) गोळी बाहेर उडते आणि माणसाला वाटतं झालं खाली, पण मॅगझिन आतच असतं, त्यामुळे स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी उचलून थेट चेंबरमध्ये नेऊन बसवते. म्हणजे डोळ्यांनी एक गोळी बाहेर पडताना बघितलेली आणि पिस्तूल पूर्ण भरलेलं. हे इतकं साधं आहे पण एकदा नीट समजून घेतलं की मग क्रम चुकत नाही.

तर मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे ओढून मागेच लॉक, मग चेंबरमध्ये बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही तर करंगळी आत घालून चाचपायचं. मॅगझिनच्या जागेतून पण खाली बघायचं. मी दोनदा करते, मध्ये क्षणभर नजर दुसरीकडे वळवून परत. आणि गोळ्या त्या खोलीतच नकोत, माझ्या दुसऱ्या खोलीत कपाटात कुलपात असतात, टेबलावर एकही नाही. एवढं झाल्यावरसुद्धा ट्रिगर दाबताना नळीचं तोंड अशा बाजूला ठेवायचं जिथे गोळी सुटलीच तरी अडेल आणि पलीकडे कोणी नसेल. इथली घरं लाकडाची आणि ड्रायवॉलची, गोळी भिंतीतून सहज आरपार जाते, त्यामुळे 'भिंतीकडे धरलं होतं' याला काही अर्थ नाही. मी गराजमध्ये मातीने भरलेली मोठी बादली ठेवलीय, तोंड तिकडे.

ट्रिगर दाबला, टक् असा आवाज आला, की स्लाइड अगदी थोडीशी, साधारण ३ मिलीमीटर मागे घ्यायची आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंचे ते बारीक खाचेदार कान एकाच वेळी खाली ओढायचे. नवीन पिस्तुलात स्प्रिंग कडक असते आणि ते कान इतके छोटे की नखांनीच धरावे लागतात, पहिल्यांदा हाताची मांडणीच जमत नाही. घाई करू नका. स्लाइड जास्त मागे गेली तर स्ट्रायकर परत ताणला जातो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि पहिल्यापासून म्हणजे चेंबर बघण्यापासून, डायरेक्ट ट्रिगरपासून नाही. जमलं की स्लाइड पुढे सरकून अलगद हातात येते. मग आतली रिकॉइल स्प्रिंग थोडी पुढे दाबून उचलायची, बॅरल उचलायचा, झालं. फ्रेम, स्लाइड, बॅरल, स्प्रिंग, मॅगझिन सोडून चार वस्तू टेबलावर. एकही अवजार लागत नाही, स्क्रूड्रायव्हर नाही की काही नाही. गॅस्टन ग्लॉक यांचं डिझाइन ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलं, आणि सैनिकाने हे चिखलात बसून उघडायचंय हा विचार त्यात किती मुरलाय ते हातात घेतल्यावर कळतं. मला हे खूप आवडतं. याच्यापुढे उघडायला जाऊ नका, रोजच्या सफाईला त्याची गरज पण नाही.

स्लाइडच्या आत बघितलं तर तांब्याच्या रंगाचं, चमकदार असं ग्रीस लावलेलं दिसतं. बोटाला लागलं तर रंगासारखं चिकटतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा कंपनीतला कचरा आहे, पुसून टाकावा. तसं करायचं नाही. मॅन्युअलमध्येच लिहिलंय की ते काढू नका, ते बराच काळ स्लाइडला वंगणाचं काम करतं. बाकी ठिकाणचं जास्तीचं तेल पुसायचं, बॅरलमधून सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रव) लावलेलं कापड फिरवायचं, आणि चेंबरच्या बाजूने घालायचं, पुढून नाही. नवीन पिस्तुलातून पण पहिलं कापड काळपट करडं निघतं कारण कंपनीत टेस्ट फायर झालेलं असतं. मग कोरडं कापड, ते स्वच्छ निघेपर्यंत. मी हॉपीज नंबर ९ वापरते, पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर वास येतो, छान वाटतो पण खोलीत हवा खेळती ठेवा, श्वासात घ्यायची गोष्ट नाही ती.

तेलाच्या बाबतीत लोक फार सढळ असतात. ग्लॉकला थेंब लागतात फक्त. आई शिलाई मशीनला कुपीचं टोक टेकवून एकेक थेंब सोडायची ना, तेवढंच. स्लाइडच्या खाचांमध्ये थेंब, बॅरलच्या बाहेरून जिथे घासतं तिथे बोटाने फिरवायचं, आणि फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात जिथे ट्रिगर बार (ट्रिगरपासून मागे जाणारी पट्टी) कनेक्टरला (धातूच्या छोट्या पत्र्याला) टेकतो तिथे एक, ही जागा सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच राहून जाते. चेंबर आणि स्ट्रायकरची नळी मात्र कोरडीच ठेवायची. तिथे तेल गेलं की त्यात घाण अडकते, थंडीत घट्ट होतं, आणि स्ट्रायकर हळू पडतो. डब्ल्यूडी-४० दाराच्या बिजागरीला ठीक आहे, इथे नको.

जोडताना उलट क्रम, बॅरल, स्प्रिंग, मग स्लाइड फ्रेमवरच्या चार छोट्या धातूच्या पट्ट्यांवर बसवून मागे ओढायची. मग मॅगझिन न घालता परत खाली असल्याची खात्री, ट्रिगर दाबून धरायचा, धरलेल्या स्थितीतच स्लाइड मागे ओढून सोडायची, आणि ट्रिगर हळूहळू सैल करत टिक् असा रिसेट (ट्रिगर परत जागेवर आल्याचा धक्का) जाणवतो का बघायचं. जाणवला की जोडणी बरोबर.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अगं पण लेकीच्या हाताला लागणार नाही ना?" बरोबर विचारलं तिने. म्हणून बायोमेट्रिक सेफ आधी आणली, पिस्तूल नंतर. खंडेनवमीला शस्त्र पूजेत ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, तर ती मी पाळणार, पण केस बंद, कुलूप लावलेलं, आणि हळदकुंकू केसच्या झाकणावर.

शेवटचं एक, हे खूप जण सोडून देतात. गोळीच्या धुरातून आणि काजळीतून शिसं हाताला लागतं. नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरा, स्वयंपाकघरातलं टेबल तर अजिबात नको, मध्येच चहाचा कप उचलू नका. झाल्यावर थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवायचे, ते कपडे वेगळे धुवायला टाकायचे आणि मगच मुलांना जवळ घ्यायचं.