कॉन्फेटी नंतर, आधी एरर मेसेज

भावनिक डिझाइन, म्हणजे साइट किंवा अ‍ॅप वापरताना माणसाला काय वाटेल याचा विचार करून केलेली मांडणी, म्हटलं की बैठकीत पहिली मागणी येते ती गोंडस चित्रांची, नाहीतर बटण दाबल्यावर उडणाऱ्या कॉन्फेटीची, म्हणजे रंगीत कागदी तुकड्यांच्या वर्षावाची. माणसाचा जीव वरखाली होतो तो मात्र भलत्याच ठिकाणी. पैसे भरताना पान अचानक पांढरं पडतं तेव्हा, किंवा पंधरा रकाने भरल्यावर एका चुकीपायी सगळे कोरे होतात तेव्हा. डोकं लढवायचं तर तिथे लढवावं.

देखणेपणाला किंमत नाही असं नाही. १९९५ साली जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या संशोधकांनी एटीएमच्या स्क्रीनच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. जी मांडणी डोळ्यांना भावली तीच वापरायलाही सोपी वाटली. ती खरोखर सोपी होती का, याच्याशी त्या वाटण्याचा संबंध बराच कमी निघाला. संशोधक नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी पुढे इस्रायलमध्ये हे ताडून पाहिलं, तिथेही दिसणं आणि वाटणं हातात हात घालूनच आलं. मेख इथेच आहे. टेस्टिंगमध्ये कुणी 'छान आहे, सोपं आहे' म्हणालं, तर ती निव्वळ रंगसंगतीची तारीफ असू शकते. म्हणून मत विचारण्याआधी काम करायला द्यावं आणि बोट कुठे अडखळतं ते बघत बसावं.

आता एक एरर मेसेज जवळून बघू. 'अवैध इनपुट', लाल अक्षरांत, पानाच्या पार वर. आणि माणूस खाली सबमिट बटणापाशी. त्याला वाटतं बटणच बिघडलंय, तो पुन्हा पुन्हा दाबत राहतो. मेसेज त्या रकान्याच्या खालीच हवा आणि त्यात पुढे काय करायचं ते हवं: 'मोबाइल नंबरात एक आकडा कमी आहे.' भरलेलं काहीही पुसायचं नाही. पहिलं अक्षर टाइप होताच ओरडायचं नाही. रकाना सोडल्यावर तपासायचं. एकदा चूक दाखवली की मात्र प्रत्येक अक्षरागणिक तपासायचं, म्हणजे दुरुस्त होताक्षणी लाल रेघ जाते. सबमिटनंतर फोकस (टाइप करायचा कर्सर) पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्यायचा. नुसत्या लाल रंगावर भिस्त नको, शब्दही हवेत, आणि मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) किमान ४.५:१. नंबरात स्पेस आली म्हणून वापरणाऱ्याला कसलं अडवायचं? ती कोडने काढून टाकावी.

पेमेंट अडकलं की 'अरेरे, गडबड झाली!' हा लाडिक सूर डोक्यात जातो. 'पैसे कापले गेलेले नाहीत' हे वाक्य सर्व्हरला खात्री असेल तरच लिहावं. नसेल तर 'व्यवहार तपासत आहोत, तोवर पुन्हा पैसे भरू नका' आणि सोबत व्यवहार क्रमांक. यात गंमत शून्य, पण जीव भांड्यात पडतो.

वाट पाहण्याचे आकडे जुनेच आहेत, अजून चालतात. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर लगेच घडल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. त्यामुळे बटण दाबलं गेल्याची खूण तत्काळ दिसायला हवी. स्पिनर, म्हणजे थांबायला सांगणारं फिरतं चक्र, मात्र साधारण ३०० मिलिसेकंद थांबवून दाखवावा, नाहीतर झटपट उत्तर आलं तरी तो उगाच लुकलुकतो आणि साइट आहे त्याहून संथ भासते.

अ‍ॅनिमेशनचं म्हणाल तर छोट्या हालचालींना १५० ते २५० मिलिसेकंद पुरतात. हालचालीसाठी घटकाची विड्थ (रुंदी) किंवा टॉप (वरून अंतर) बदललं की ब्राउझरला लेआउट पुन्हा मांडावा लागतो, साध्या फोनवर गचके बसतात. ट्रान्सफॉर्म (लेआउट न हलवता सरकवणं, लहानमोठं करणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) यांवर भागवावं. कॉन्फेटी क्वचित घडणाऱ्या गोष्टीपुरती, पहिली ऑर्डर वगैरे. दिवसातून चाळीसदा दाबायच्या बटणावर ती लावली तर दुसऱ्या दिवशी लोक ती बंद करायची सेटिंग शोधतात. आणि ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवायला सांगितलंय, त्यांच्यासाठी ती पसंती ब्राउझरमध्ये कळवणारं प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन तपासून सरकण्याऐवजी साधा फेड (हळूच उमटणं-विरणं) द्यावा. काहींना मोठ्या सरकत्या हालचालींनी खरोखरच गरगरतं.