तुम्ही विचारलंत म्हणून: गडावर दुपारी ताजं काय खायचं?

एका दिवसाच्या ट्रेकला, चूल न पेटवता, दुपारी ताजं जेवण कसं मिळेल, असं तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता. दडपे पोहे करा. मात्र घरून कालवून नेऊ नका, वर पोचल्यावर कालवा.

सगळा प्रश्न वेळेचा आहे. पुण्याहून राजगडला निघायचं तर डबा पहाटे चारला भरतो आणि पद्मावती माचीवर उघडतो दुपारी बाराला. आठ तास सॅकमधली ऊब आणि बंद डब्यातली ओल. उकडलेला बटाटा, ओलं खोबरं, चिरलेला कांदा एवढ्यात वास मारू लागतात. ओलं आणि कोरडं वेगळं ठेवलं की ही भीतीच उरत नाही.

चौघांना पाव किलो पातळ पोहे पुरतात. जाड पोहे भाज्यांच्या रसावर भिजत नाहीत, आणि चिवड्याच्या नायलॉन पोह्यांचा लगदा होतो. आदल्या रात्री पोहे चाळून मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करा. पावसाळ्यात हे टाळू नका, कारण सादळलेले पोहे भिजल्यावर चिवट लागतात. पूर्ण गार झाल्यावर तीन लिटरच्या स्टीलच्या डब्यात भरा. कालवायचं भांडंही तेच.

फोडणीला चार मोठे चमचे तेल. त्यात आधी मूठभर शेंगदाणे तळून बाजूला काढा आणि त्यांची वेगळी पुडी करा. मग मोहरी, हिंग, पाच-सहा मिरच्यांचे तुकडे, कढीपत्ता. मिरची आणि पानं कुरकुरीत होईपर्यंत थांबा, त्यांच्यात पाणी राहता कामा नये. गॅस बंद करून हळद घाला. फोडणी गार झाल्यावरच डबीत भरा. गरम असताना झाकण लावलंत तर आत वाफेचं पाणी सुटतं.

दोन कांदे, दोन घट्ट टोमॅटो, तीन काकड्या, दोन लिंबं, थोडी कोथिंबीर. सगळं घरीच धुऊन, पुसून, अख्खं न्या. गडावरच्या प्रत्येक टाक्याचं पाणी पिण्याजोगं नसतं, तेव्हा भाज्या तिथे धुवायच्या भरवशावर राहू नका. टोमॅटो छोट्या डब्यात ठेवा, नाहीतर चढताना त्यांचा चिखल होतो. किसणीचं ओझं नको, सुरीने काकडी कोचवता येते. त्याआधी टोकाचा तुकडा चाखा. एक कडू काकडी सगळ्या डब्याचा घास घालवते.

वर पोचलात की आधी सावली आणि माकडं नसलेली जागा बघा. पोहे झाकणात किंवा ताटात काढून ठेवा. डब्यात कांदा, टोमॅटो आणि काकडी बारीक करून घ्या, त्यावर दोन छोटे चमचे मीठ, एक चमचा साखर आणि लिंबाचा रस घालून पाच मिनिटं थांबा. मीठ भाज्यांचं पाणी ओढून काढतं, पोहे त्याच पाण्यात भिजतात. आता पोहे घालून हलक्या हाताने कालवा, वरून दाबा, झाकण लावा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. नाव या दडपण्यावरूनच आहे. कोरडे वाटले तर दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारा. एकदम पाणी ओतलं की गोळा होतो आणि तो सुटत नाही.

फोडणी अगदी शेवटी घाला. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: आधी घातली तर पोह्यांना तेलाचा लेप बसतो आणि रस आत शिरत नाही. शेंगदाणे आणि कोथिंबीर वाढताना घाला.

कोकणातल्या घरांत यात ओला नारळ हवाच, हे मान्य आहे. पण गडावर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस न्या. चव वेगळी लागते, पण आंबत नाही. कुणाला पोह्यांनी पोट भरल्यासारखं वाटत नसेल तर जोडीला पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या. दशम्या जाळीवर पूर्ण गार करून सुती फडक्यात गुंडाळा.

कांद्याची सालं, लिंबाची फोडकं रिकाम्या डब्यात भरून खाली आणा. माचीवर टाकलीत तर माकडं पुढच्या डब्यांची वाट बघत तिथेच बसतात.