वॉल्व्ह ॲम्पसाठी फिल्म कंडेन्सर मिळवताना : माझा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो. वॉल्व्ह ॲम्पच्या (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणाऱ्या ऑडिओ ॲम्प्लिफायरच्या) हाय व्होल्टेज सप्लायला फिल्म कंडेन्सर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा कंडेन्सर, घालायचा असेल आणि तुम्ही लातूर, नांदेड, परभणी, बीडकडचे असाल, तर पुण्या-मुंबईच्या डिस्ट्रिब्युटरच्या मागे लागू नका. तालुक्याच्या गावी मोटार वायंडिंगचं दुकान असतंच. तिथं बोअरच्या मोटारीच्या पॅनलमधला रनिंगचा कंडेन्सर मागा, ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी. एवढी एक गोष्ट मला कुणी सांगितली असती तर माझा अख्खा उन्हाळा वाचला असता.

ॲम्प माझा साधाच आहे. दोन्ही चॅनेलला एकेक ईएल३४ (स्पीकर चालवणारा वॉल्व्ह), पुढे १२एएक्स७ (बारीक सिग्नल वाढवणारा वॉल्व्ह), ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० चा (मधल्या तारेपासून, म्हणजे सेंटर टॅपपासून, दोन्हीकडे ३०० व्होल्ट) आणि एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला सिलिकॉन डायोड. एसीचं शिखर काढायला ३०० ला १.४१४ ने गुणलं की ४२४ व्होल्ट होतात, म्हणजे कागदावर ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक (आत ओलसर द्रव असलेला नेहमीचा कंडेन्सर) पुरायला हवा. पण हा हिशेब सॉकेटमध्ये २३० असले तरच खरा. आमच्याकडे रात्री लोड उतरला की २५५ दिसतात, मीटर लावून पाहिलेलं आहे. मग ४२४ चे ४७० होतात. सिलिकॉन डायोड स्विच टाकल्याबरोबर काम सुरू करतात, ईएल३४ तापायला मात्र वेळ लागतो. तोवर करंट ओढणारं कुणीच नसतं आणि सगळे व्होल्ट कंडेन्सरच्या बोकांडी बसतात. वरून मे महिन्यात पारा ४२-४३ ला. चॅसीच्या, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या पेटीच्या, आत तर त्याहून जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलायटिकचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. माझ्या इलेक्ट्रोलायटिकच्या जोडीची डोकी फुगली.

म्हणून फिल्म. पॉलिप्रॉपिलिनच्या फिल्ममध्ये वाळून जाणारं काही नसतं, आणि मेटलाइज्ड (धातूचा पातळ थर दिलेली) असेल तर कुठे बारीक भोक पडलंच तर त्याच्या भोवतीचा धातूचा थर उडून जातो आणि कंडेन्सर पुढे चालू राहतो. आवाज किती सुधारतो यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. मी फिल्मकडे वळलो ते आमची वीज आणि आमचा उन्हाळा पाहून.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. माल मागवायला गेलो आणि अडकलो.

डीसी-लिंक नावाचे फिल्म कंडेन्सर असतात, सोलर इन्व्हर्टरमध्ये वापरतात. मला हवे तसेच, ५०-६० मायक्रोफॅरड, ८०० व्होल्ट डीसी वगैरे. एका मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडे ते यादीत होते. चौकशीचा फॉर्म उघडला. जीएसटी नंबरच्या रकान्यापुढे लाल चांदणी, तो भरल्याशिवाय खालचं बटण दाबलंच जात नाही. माझा धंदा नाही, मला जीएसटी नंबर असायचं कारणच नाही. खाली ‘वापर कशासाठी’ अशी यादी : सोलर, ईव्ही चार्जर, यूपीएस, वेल्डिंग मशीन. ऑडिओ नाही. ‘इतर’ निवडलं की वर्षाची गरज विचारणारा आणखी एक रकाना उघडतो, आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा शंभर.

फोन केला.

“सर, कंपनीचं नाव?”

“कंपनी नाही हो. घरी ॲम्प बनवतोय, चार नग पाहिजेत.”

“मग प्रोप्रायटरशिप टाका ना सर.”

“धंदाच नाही तर प्रोप्रायटर कशाचा होऊ?”

“मेल करा सर, टीमला फॉरवर्ड करतो.”

मेल केला. सगळे पैसे आधी भरतो, कुरिअर माझ्या खर्चाने, बिल माझ्या नावावर साधं फाडा, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर म्हणून एक तिकीट नंबर आला. मग काहीच नाही. पुन्हा फोन, पुन्हा वेगळा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कंपनीचं नाव. शेवटी मेल आला तो असा : लेटरहेडवर मागणी पाठवा, किमान शंभर नग. चार नगांच्या माणसाला विकायचं नसेल तर तसं पहिल्याच दिवशी सांगावं, मी दुसरीकडे वळलो असतो. ते ‘नाही’ म्हणत नव्हते आणि देतही नव्हते, संताप आला तो याचा. वाळूजच्या एका कारखान्यातला मित्र म्हणाला, “आमच्या नंबरवर मागव, नमुना म्हणून फुकटसुद्धा देतील.” मी नको म्हटलं. चार कंडेन्सरसाठी दुसऱ्याच्या जीएसटीवर आपलं सामान आणणं मला पटत नाही.

याच सुमारास मोटारीचा रनिंग कंडेन्सर डोक्यात आला. तोही पॉलिप्रॉपिलिन फिल्मचाच असतो. अडचण एकच, त्यावर फक्त एसी रेटिंग छापलेलं असतं. डीसीला किती चालेल म्हणून एका बनवणाऱ्या कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की हा माल फक्त एसी मोटारीसाठी आहे. मग कागद-पेन घेऊन स्वतःच बसलो.

४४० व्होल्ट एसीचं शिखर ६२२ व्होल्ट. म्हणजे हा कंडेन्सर सेकंदाला शंभर वेळा, कधी या बाजूने कधी त्या बाजूने, ६२२ झेलायला बनवलेला आहे. माझे ४७० एकाच दिशेने आणि स्थिर. करंटचं पाहा : ४४० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ५० मायक्रोफॅरडमधून जवळपास ७ अँपिअर सतत वाहतात. ॲम्पमध्ये रिपल करंट (डीसीवर उरलेल्या लाटेचा करंट) काही शे मिलिअँपिअर. कुठल्याही बाजूने बघितलं तरी कंडेन्सर माझ्या कामाला भारीच पडतो. उलटं मात्र कधी करू नका. ४०० व्होल्ट डीसी छापलेला फिल्म कंडेन्सर ४०० एसीला लावायचा नाही, त्याचं एसी रेटिंग बरंच कमी असतं.

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका वायंडिंगच्या दुकानात गेलो. मालक आर्मेचरवर वार्निश लावत होते.

“किती एचपीची मोटार हाय?”

“मोटार नाही मामा, गाण्याचं मशीन हाय. रनिंगचा कंडेन्सर पाहिजे, पन्नासचा.”

त्यांनी एक काळा प्लॅस्टिकचा आणि एक ॲल्युमिनियमचा डबा काउंटरवर ठेवला. “ह्यो काळा स्टार्टिंगचा, मोटार उचलली की सुटतो. ह्यो पांढरा मोटार चालतीय तवर लाइनीत.” काळ्यावर १००-१२० मायक्रोफॅरड असा दोन आकड्यांचा पट्टा होता. तो आतून इलेक्ट्रोलायटिक असतो, काही सेकंदांपुरता, आपल्या कामाचा अजिबात नाही. गर्दीत दुकानातला पोरगा तोच हातात ठेवू शकतो, तेव्हा आकड्यांचा पट्टा दिसला की परत करा. डीसी-लिंकच्या नुसत्या कुरिअरखर्चाशी तुलना होईल एवढ्या पैशांत चारही आले, बिलासकट, कुणी कंपनीचं नाव न विचारता.

डब्यावरची बारीक अक्षरं वाचून घ्या. माझ्या डब्यावर होतं : ५० ±५%, ४४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २५/८५/२१, क्लास बी, पी२. मधला ८५ म्हणजे कमाल तापमान. तिथं ७० असलेलेही मिळतात, आपल्या हवेत ते घेऊ नका. क्लास बी म्हणजे पूर्ण व्होल्टेजवर १०,००० तासांचं अपेक्षित आयुष्य. पी२ म्हणजे आत बिघाड झाला तर दाबाने डबा वर फुगतो आणि आतली जोडणी तुटते. म्हणून टर्मिनलच्या वर बोटभर मोकळी जागा ठेवायची. बुडाला एम८ चा बोल्ट असेल तर तो चॅसीला कसून अर्थ करा.

५० मायक्रोफॅरड कमी वाटतात, मलाही लोकांनी विचारलं. पण मध्ये १० हेन्रीचा चोक (लाट अडवणारी तारेची गुंडाळी) घातलाय. पहिल्या कंडेन्सरवर १५० मिलिअँपिअरला साधारण ३० व्होल्टची लाट असते. चोक आणि पुढचा ५० मिळून १०० हर्ट्झला तिचा दोनशेवा भाग करतात, राहतात जेमतेम दीडशे मिलिव्होल्ट. स्पीकरला कान लावला तरी हम (विजेची गुणगुण) ऐकू येत नाही. इलेक्ट्रोलायटिक मोठे घालून चोक वाचवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

१२एएक्स७ च्या फाट्याला पंख्याचे ४ मायक्रोफॅरडचे दोन समांतर लावले, आधी २२ किलोओहमचा रेझिस्टर. तेवढ्यानं भागतं.

लिहायचं राहिलं : तुम्ही सिलिकॉनऐवजी रेक्टिफायर वॉल्व्ह लावणार असाल तर पहिला कंडेन्सर वाटेल तेवढा घेता येत नाही. जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरड, ईझेड८१ ला ५० ही डेटाशीटची मर्यादा. फिल्मचा आतला अवरोध फार कमी असल्यामुळे सुरुवातीचा झटका जास्त बसतो, म्हणून मर्यादा काटेकोर पाळा. सिलिकॉनच ठेवत असाल तर १एन४००७ एकेक नको, प्रत्येक बाजूला दोन सिरीजमध्ये लावा. सेंटर टॅपमध्ये उलटं व्होल्टेज शिखराच्या दुप्पट येतं, म्हणजे २५५ च्या रात्री ९४०, आणि त्या डायोडची मर्यादा १०००.

जोडण्याआधी चारही कंडेन्सर १०० किलोओहममधून ५०० व्होल्टवर रात्रभर ठेवले होते. सकाळी रेझिस्टरवर काही मिलिव्होल्टच दिसले, म्हणजे गळती नगण्य.

आणि हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. गळती नाही म्हणजे स्विच बंद केल्यावरही चार्ज तसाच बसून राहतो, इलेक्ट्रोलायटिकपेक्षा कितीतरी जास्त वेळ. १०० किलोओहम, २ वॉटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये घेऊन पहिल्या कंडेन्सरवर कायमचे सोल्डर करा. चोकमधून दुसराही त्यातूनच रिकामा होतो. दोन्ही कंडेन्सर मिळून दोन मिनिटांत चार-पाच व्होल्टच्या खाली येतात. तरी मीटर लावून बघितल्याशिवाय चॅसीत हात घालायचा नाही. त्यातला एखादा रेझिस्टर तुटलेला असेल तर कळायला दुसरा मार्ग नाही.