लग्नाच्या मेकअपवर खर्च कुठे, बचत कुठे : माझा अनुभव

स्वतःच्या लग्नाचा मेकअप स्वतःच करायचा, हे मी साखरपुडा होताच ठरवले होते. त्या दिवशी चेहऱ्यावर काय लागणार आहे, ते मला आधीपासून नीट ठाऊक असायला हवे होते. सामानासाठी 12,000 रुपये बाजूला काढले आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ‘खर्च’ किंवा ‘बचत’ असे लिहून ठेवले. काजळापासून लिपस्टिकपर्यंतचे सगळे निर्णय फारशी ओढाताण न होता झाले. घोडे अडले ते फाउंडेशनच्या शेडपाशी, आणि ज्या काउंटरवर अडले तिथला राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जी वस्तू लवकर टाकून द्यावी लागते ती महाग घ्यायची नाही, हा माझा बचतीचा निकष होता. मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो, कारण पापण्यांवरचे जंतू दर वेळी ब्रशबरोबर नळीत जातात आणि तिथल्या ओलाव्यात वाढतात. लिक्विड आयलायनरचेही तसेच आहे. लाँकोम आणि मेबेलिन हे दोन्ही ब्रँड लॉरेयाल या एकाच समूहाचे आहेत. दोघांचे सूत्र एकच असते असा त्याचा अर्थ होत नाही, पण स्वस्तातला वॉटरप्रूफ मस्कारा दिवसभर लावून पाहिल्यावर कित्येक पटींनी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला उरले नाही. काजळ, आयब्रो पेन्सिल आणि ब्लशही स्वस्तातलेच घेतले. टिकल्या, यूपिना आणि आंबाड्याचे सामान घ्यायला पुण्यात तुळशीबाग असताना दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

फाउंडेशनचे गणित वेगळे होते. ते सगळ्या चेहऱ्यावर लागते, वैशाखातल्या उकाड्यात अंतरपाटापासून होमाच्या धुरापर्यंत टिकावे लागते आणि प्रत्येक फोटोत दिसते. शिवाय 30 मिलिलिटरची बाटली नीट वापरली तर वर्षभर पुरते. म्हणून एकट्या फाउंडेशनसाठी मी 4,000 रुपये ठेवले आणि एका मोठ्या मॉलमधल्या नामांकित काउंटरवर गेले. एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला निदान तिच्या कातडीचा रंग तरी दाखवतील, अशी माझी अपेक्षा होती.

माझा रंग गव्हाळपेक्षा गडद आहे आणि अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगाखालची झाक, पिवळसर आहे. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि माझ्यापेक्षा स्पष्टपणे उजळ असलेली शेड मनगटावर लावली. मी म्हटले, “ही फार उजळ आहे, आणि मनगटावर नको, जबड्याच्या कडेला लावा.” त्यावर ती म्हणाली, “मॅडम, लग्नाला एक-दोन शेड उजळच घेतात. फोटोत छान येतं.” माझी शेड मागितली तेव्हा कळले की तिचा टेस्टर, म्हणजे लावून पाहायची बाटलीच, ठेवलेला नाही, उजळ शेड्सच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि गडद बाजूच्या खाचा रिकाम्या होत्या. “ती मागवावी लागेल, पण तोवर हीच घ्या, ब्लेंड होऊन जाते,” असा सल्ला मिळाला. थोडे सॅम्पल मागितले तर सॅम्पल देत नाही म्हणाली. शेड जुळली नाही तर बाटली परत घ्याल का, असे विचारले तर उघडलेली बाटली परत घेत नाही, हे मात्र तत्काळ सांगितले. बरोबर आलेल्या मावशीलाही तिने “नवरी उजळ दिसायला नको का?” असे विचारून आपल्या बाजूला ओढण्याचा प्रयत्न केला. मावशीने तिला “आमची मुलगी आहे तशीच छान आहे” असे ठणकावून सांगितले, याचे मला आजही समाधान वाटते.

मागवलेल्या शेडसाठी मी पुन्हा गेले. तेव्हा पुढचा आठवडा सांगितला, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच मुलीने पहिल्यापासून तोच उजळ शेडचा पाढा सुरू केला. 2017 साली फेंटी ब्युटी या परदेशी ब्रँडने फाउंडेशनच्या एकदम 40 शेड्स बाजारात आणल्यापासून सगळेच मोठे ब्रँड शेड्सची लांबलचक रांग जाहिरातीत दाखवतात. पण त्यातली आपली शेड दुकानातल्या मांडणीत नसेल, तर त्या रांगेचा आपल्याला काय उपयोग? गोरेपणाचा हा आग्रह मी नातेवाइकांकडून लहानपणापासून ऐकत आले आहे. पैसे देऊन तो विकत घेण्याची माझी मुळीच तयारी नव्हती.

शिवाय उजळ शेड फोटोत चांगली येते हे खरेही नाही. फाउंडेशनचा रंग मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा आणि आयर्न ऑक्साइडचे पिवळा, तांबडा व काळा हे रंग मिसळून तयार होतो. उजळ शेडमध्ये पांढऱ्याचे प्रमाण जास्त असते आणि सावळ्या त्वचेवर ते राखट दिसते. फ्लॅश पडला की चेहरा गळ्यापासून तुटल्यासारखा पांढरा उठतो. सिलिकाची बारीक पांढरी पावडर भरपूर फासली तरी असेच होते, म्हणून कॉम्पॅक्टही आपल्याच रंगाचा आणि हलक्या हाताने लावावा.

शेवटी मी तो ब्रँडच सोडला आणि दुसऱ्या एका दुकानात गेले. तिथल्या ताईंनी न सांगता जबड्यावर तीन शेड्सचे पट्टे ओढले, हातात आरसा दिला आणि “बाहेर उजेडात जाऊन पाहून या” असे सांगितले. दुकानातल्या दिव्यांखाली तिन्ही पट्टे सारखेच वाटत होते. बाहेर आल्यावर एक गुलाबी दिसू लागला, एक मातकट दिसू लागला आणि मधला कुठे आहे ते शोधावे लागले. त्या क्षणी मला जे हायसे वाटले ते मोठे होते. मी बरोबर नेलेल्या छोट्या स्वच्छ डबीत त्यांनी थोडे फाउंडेशन भरून दिले. घरी ते लावून स्वयंपाक केला, दुपारी गच्चीवर थांबले, संध्याकाळी फ्लॅश लावून आणि न लावता फोटो काढले. ही परीक्षा कोणीही टाळू नये, कारण त्वचेचे तेल आणि हवा यांमुळे काही फाउंडेशन्स तासा-दोन तासांत गडद होतात. माझे झाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मी बाटली घेतली. ती ठेवलेल्या 4,000 रुपयांपेक्षा बरीच कमी किमतीची निघाली, तेव्हा पहिल्या काउंटरवरचा राग आणखीच वाढला.

उरलेले पैसे मी दोन चांगल्या सिंथेटिक ब्रशांवर आणि मेकअप टिकवणाऱ्या सेटिंग स्प्रेवर घातले. ब्रश धुऊन वाळवले तर वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे हा खर्च मला फाउंडेशनइतकाच योग्य वाटतो. स्पंज मात्र स्वस्त घ्यावा आणि साधारण तीन महिन्यांनी टाकावा. लिपस्टिक मध्यम किमतीची घेतली. शालूवर लाल आणि अष्टपुत्रीवर तपकिरी, अशा दोनच.

अष्टपुत्रीवरून आठवले. पिवळ्या वस्त्राची झाक चेहऱ्यावर पडते आणि आदल्या दिवशीच्या हळदीचा रंगही त्वचेवर थोडा राहतो, त्यामुळे गुलाबी अंडरटोनचे फाउंडेशन त्या दिवशी अधिकच उपरे दिसते. शेड तपासायला जाताना पिवळी ओढणी खांद्यावर टाकून न्यावी, हे मी मैत्रिणींना आवर्जून सांगते. सनस्क्रीन रोज लावत असाल तर ते लावूनच जा, कारण काही सनस्क्रीनचा पांढरा थर शेड बदलून टाकतो.

किमतीची तुलना पाकिटावरून न करता वजनावरून करावी. काजळाची पेन्सिल बहुधा 0.35 ग्रॅमची आणि लिपस्टिक साधारण तीन-चार ग्रॅमची असते. ‘मिनी’ आकाराची वस्तू स्वस्त वाटते, पण ग्रॅममागे अनेकदा महागच पडते. तरीही जी शेड वर्षातून दोनदाच वापरायची आहे तिच्यासाठी मिनी घेणेच बरे. पाकिटावर उघड्या डबीच्या चित्रात 6 एम, 12 एम असे लिहिलेले असते, ती उघडल्यानंतर वापरायच्या महिन्यांची मर्यादा असते. मी प्रत्येक वस्तूवर उघडल्याची तारीख पेनाने लिहिते.

बचत करताना एका बाबतीत मी अजिबात तडजोड केली नाही. आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते प्रमाणपत्र असणाऱ्याचे नाव-पत्ता छापणे आपल्या सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे बंधनकारक आहे. परदेशी ब्रँडचे नाव असलेली आयशॅडोची पॅलेट मला अर्ध्याहून कमी किमतीत मिळत होती आणि रंगही मनासारखे होते, पण तिच्यावर असा क्रमांक नव्हता, बॅच क्रमांकही नव्हता. डोळ्यांवर लावायची वस्तू असल्याने मी ती तिथेच ठेवली आणि साध्या देशी कंपनीची चार रंगांची पॅलेट घेतली. तिच्यातला तपकिरी रंग मी अजूनही ऑफिसला जाताना लावते.