पश्चिम दिशा

रविवारी वंदना संपली की सतरंजीचा एक कोपरा आमच्यासाठी मोकळा राहतो. उत्तर नागपुरातल्या आमच्या विहारात गेली अकरा वर्षं मी नवरा-बायकोची भांडणं ऐकते. आठवडाभर समुपदेशनाची नोकरी, रविवारी हे. कोर्टाची पायरी चढण्याआधी लोक इथं येतात, कारण बाबासाहेबांच्या फोटोसमोर खोटं बोलताना जीभ अडखळते.

मार्चमधल्या त्या रविवारी सासूबाईच पुढं होत्या. मुलगा हिंगणा एमआयडीसीत, सून एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आणि चार महिन्यांपासून माहेरी. "ताई, तुम्ही तिले धर्म समजावून सांगा. आम्ही काय तिले उपाशी ठेवलं का जी?"

मी आधी सुनेला एकटीला आत घेतलं. एकांतात विचारल्याशिवाय मी कुणालाच समोरासमोर बसवत नाही. सुरुवातीच्या काळात एका मुलीला न विचारता, सगळ्यांसमोर समजूत घालून परत पाठवलं होतं. ती महिन्यानं हाताला प्लास्टर घालून आली. तो हात मी विसरलेले नाही. मारहाण असेल तर आमची बैठक तिथंच संपते. मग २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि संरक्षण अधिकारी, क्षमेच्या गोष्टी नाहीत.

"हात उचलला नाही कधी," ती म्हणाली. "पण माझ्या पगाराचं कार्ड त्यांच्याकडे आहे, ताई. पॅड आणायचे तरी पैसे मागा, मग हिशेब द्या."

एकत्र बसलो तसं सासूबाईंनी सुरू केलं. वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, प्रवचनात ऐकलेलं त्यांना पाठ होतं: नवऱ्यानं कमावलेलं बायकोनं जपावं, कामात आळस करू नये. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धांनी गृहस्थांना केलेल्या उपदेशात, ते आहेच. पण त्याच्या आधी काय आहे ते कुणी सांगत नाही. राजगृहाला सिगाल नावाचा तरुण ओल्या केसांनी, ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडत होता. बुद्धांनी त्याला सांगितलं की दिशा म्हणजे माणसं, आणि पत्नी ही पश्चिम दिशा. तिथं आधी नवऱ्याची पाच कर्तव्यं येतात, बायकोची नंतर.

मी पुस्तक मुलाच्या हातात दिलं. "मोठ्यानं वाच."

सन्मान करणे. अपमान न करणे. एकनिष्ठ राहणे. चौथ्यावर तो थांबला. घरातला अधिकार तिच्या हाती सोपवणे. पाचवं, दागिने देण्याचं, त्यानं वाचलंच नाही.

"ते जुन्या काळचं," सासूबाई म्हणाल्या.

"काकू, मग मघाचंही जुन्याच काळचं." माझा आवाज चढला होता. ज्या माणसानं १९५१ मध्ये हिंदू कोड बिल अडलं म्हणून मंत्रिपद सोडलं, त्याच्या फोटोखाली बसून पोरीला 'सोसून घे' म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

त्यानं पाकीट काढलं. कार्ड कोपऱ्यावर उललेलं, त्यावर तिचं नाव. सतरंजीवर ठेवलं. मला वाटलं, झालं काम.

तिनं ते उचललं नाही. "बँकेत नंबर तुमचा आहे. ओटीपी तुमच्याच फोनवर येतो."

अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कार्ड परत करूनही किल्ली त्याच्याच खिशात राहिली असती.

मग कागद घेतला. मंगळवारी दोघांनी बँकेत जायचं, नंबर बदलायचा, पिन तिनं एकटीनं टाकायचा. घरखर्चात कुणी किती घालायचं तेही लिहिलं. या कागदाला कोर्टाच्या हुकमाची किंमत नाही, हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. सही करण्याआधी त्यानं विचारलं, "पंचशील घ्यायचं का पुन्हा?" सासूबाईंसकट आम्ही सगळ्यांनी घेतलं. 'मुसावादा वेरमणी'ला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्याचा आवाज बारीक झाला.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. मागं बँकेत टोकन नंबर पुकारत होते.

"ताई, मेसेज माझ्या फोनवर आला."

नांदायला कधी जाणार, ते मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी दोघांना पुन्हा बोलावलंय, आणि सासूबाईंशी मला वेगळं बसायचं आहे.